गाडीच्या मागची फुली

टप्प.

चष्म्याच्या डबीचं झाकण मिटलं आणि घरात मघापासून नांदत असलेली शांतता संपली. कौमुदी आत्ताच कुठं झोपली होती. तिच्या मुठीतून ओढणीचं टोक सोडवून घेऊन सुनीती दबक्या पावलांनी स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती, आणि चहाचं आधण ठेवावं की नुसतंच भिंतीला टेकून उभं राहावं, या विचारात होती. पाच वर्षांच्या मुलीच्या आईला असे चैनीचे पर्याय रोज मिळत नाहीत.

पण डबी वाजली होती. सुनीतीच्या आईची, शांताबाईंची, ती डबी उघडताना कधी वाजत नसे, मिटताना वाजे. उघडली म्हणजे बाई काहीतरी पाहणार आहेत. मिटली म्हणजे पाहून झालं, आता बोलणार आहेत.

"सुनीती," गॅलरीतून आवाज आला, "आजही फुली नाही दिसली मले."

"आई, तू जेवली का?"

"कशी जेवू? गाडी पूर्ण गेली का नाही गेली, मले काय समजते इथून?"

सुनीतीनं पोळ्यांचा डबा उघडला. सकाळी मोजून ठेवलेल्या पोळ्या जशाच्या तशा होत्या, आणि ताटलीच्या कडेला जेवणानंतरची बीपीची गोळी केविलवाणी पडून होती. म्हणजे सकाळी कौमुदीला शाळेत सोडायला गाडी निघाली तेव्हापासून, दोघी परत येईपर्यंत, आई गॅलरीत होती. थोडा वेळ बसून, बराच वेळ उभी. गुडघे तिचे काही लोखंडाचे नव्हते.

आता ही फुली काय भानगड आहे ते सांगायला हवं; नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की बाईंना भ्रम झालाय.

प्रत्येक आगगाडीच्या शेवटच्या डब्यावर मागं एक मोठी फुली असते, किंवा एखादी पाटी, रात्री दिवा. गाडी स्टेशनातून जाताना स्टेशनातला माणूस इंजिनाकडं पाहत नाही, डब्यांकडं पाहत नाही. तो मागची ती खूण पाहतो. खूण दिसली म्हणजे गाडी पूर्ण गेली, वाटेत एखादा डबा तुटून मागं राहिला नाही. नाही दिसली तर फोनाफोनी, पळापळ, मागची गाडी जागच्या जागी उभी. आणि त्या शेवटच्या डब्यात, मालगाडीच्या त्या खडखडणाऱ्या खोपटात, सुनीतीच्या वडिलांनी सगळी नोकरी काढली होती. रामटेके गार्ड. "इंजन गाडी नेते," बाबा म्हणायचे, "पण गाडी पोचली, हे मागचा डबा सांगते. आपली इज्जत मागून असते, पोट्टे."

रेल्वे क्वार्टरच्या मागच्या भिंतीपलीकडं रूळ होते. बाबांची गाडी तिथून जायची तेव्हा आई मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली येऊन उभी राही, हातात उलथनं असे किंवा कणीक. छोटी सुनीती भिंतीवर चढून वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मोजायला लागे आणि चाळिसाच्या आसपास कधीतरी हमखास चुके. मग शेवटचा डबा. त्यात बाबा, त्यांचा पांढरा गणवेश, हातात हिरवी झेंडी. आई पदराचं टोक उचलून हलवी. बाबा झेंडी हलवत. एवढंच. फुली दिसेनाशी झाली की आई म्हणे, "गेली पूर्ण," आणि मगच घरात ताटं पडत. त्याआधी कोणाच्या पोटात कितीही कावळे ओरडोत.

बाबांनी निवृत्तीनंतर एक पांढरी हॅचबॅक घेतली, तेव्हा पहिल्याच रविवारी पट्टी-पेन्सिल घेऊन मागच्या दारावर लाल-पिवळ्या चकाकत्या पट्टीची फुली चिकटवली होती. गाडी सगळ्यांत साधी, मागं वायपरसुद्धा नाही. शोरूमवाल्यानं वायपरवाली दाखवली तर बाबा म्हणाले, "मागं पाहाचं काम माणसाचं आहे, वायपरचं नाही." आणि ते माणूस होते म्हणून ते काम होत होतं, कुठंही थांबले की आधी खाली उतरून मागं जात, रुमालानं फुली पुसत, मगच पुढच्या कामाला लागत. लग्नाला गेले तरी. मयतीला गेले तरी.

दोन हिवाळ्यांपूर्वी बाबा गेले. मग आई गाडीसोबत लेकीकडं रायपूरला आली की गाडी आईसोबत आली, यावर सुनीती आणि यशदीपचं अजून एकमत नव्हतं. जी काय आली ती आली. आणि सोबत तो रिवाजही आला. गाडी फाटकातून निघायची, गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी वळायची, आणि गॅलरीतून आई फुली पाहायची. मग जेवण. मग गोळी.

आता फुलीच दिसत नव्हती म्हणजे गोळी नव्हती. सुनीतीनं चहाचं आधण ठेवलं नाही. तिनं पदर खोचला (ओढणी होती, पण खोचला तो पदरच) आणि ठरवलं: गाडीचा पुढचा भाग जगाचा, तो कसाही राहो. मागचा भाग स्वच्छ ठेवायचा. त्यात काय एवढं?

या "त्यात काय एवढं"नं मराठी माणसाचं जितकं नुकसान केलंय तितकं दुसऱ्या कशानं केलं नसेल.

रायपूरची धूळ दोन जातींची. एक लाल, रस्त्यावरची, साधी, घरगुती, झटकली की जाते. दुसरी काळी. ती बीरगांवच्या धुराड्यांच्या बाजूनं रात्री दबक्या पायानं येते, आणि सकाळी गॅलरीत अनवाणी चालून आलात तर तुमचे तळवे तव्यासारखे झालेले असतात. सुनीतीचा नवरा यशदीप त्याच बाजूच्या एका कारखान्यात हिशेब बघायचा. म्हणजे घर चालायचं धुळीवर आणि घरात भांडण धुळीशी. त्यातून सोसायटीपुढची गल्ली दिवाळीपासून पाइपलाइनसाठी खणलेली. पाइप आले नव्हते. खड्डा वेळेवर आला होता.

शेजारच्या बंडूभाऊंनी शास्त्र समजावून सांगितलं. बंडूभाऊ निवृत्त होते आणि शास्त्र समजावायला एखादी तरुण मुलगी हातात फडकं घेऊन खाली उतरण्याचीच वाट पाहत असत.

"हे पाहा बेटा, मोठ्या गाडीले मागं डिक्की असते. हवा सरळ निघून जाते. ह्या आखूड गाडीले मागं ढुंगणच नाही..."

"अहो!" त्यांची बायको शारदाकाकू वरून, खिडकीतून.

"...मागचा भागच नाही, म्हणतो मी. मग हवा काय करते? गपकन खाली पडते, गोल फिरते, अन् सगळी धूळ आणून काचेवर थापते. आपण गवऱ्या थापतो तशी. यात तुही चूक नाही. गाडीचीच रचना तशी आहे."

"मग काय करू, भाऊ?"

"काही नाही करता येत," बंडूभाऊ समाधानानं म्हणाले.

शारदाकाकूंना मात्र करता येत होतं. "तेलाचं बोट फिरव त्या फुलीवर. खोबरेल. माही समई पाहिली का? कशी लखलखते? धूळ लागलीच तर सटकन घसरते."

सुनीतीनं खोबरेल लावलं. फुली अशी चमकली की बाबा असते तर सलाम ठोकला असता. दुसऱ्या दिवशी कौमुदीला शाळेत सोडून ती परत आली तेव्हा गाडीच्या पाठीवर फुली नव्हती, मसाल्यात घोळवलेला काहीतरी पदार्थ होता. धूळ घसरली नव्हती. धूळ मुक्कामाला आली होती, आणि तिनं गावाकडची माणसंही बोलावून घेतली होती.

"किती लावलं होतं?" काकूंनी विचारलं.

"बोटभर."

"मग जास्त झालं," काकू म्हणाल्या, आणि खिडकी लावून घेतली. सल्ला देणाऱ्याची खिडकी योग्य वेळी लागते.

तेल काढायला पाणी लागलं. पाणी म्हटल्यावर सोसायटीचे सचिव विनायकराव आले. विनायकराव सरकारी ऑफिसातून निवृत्त झाले होते. निदान ऑफिसचं तसं म्हणणं होतं. पाइप लावून गाडी धुवायला बंदी, असा ठराव त्यांनी मागच्या उन्हाळ्यात करून घेतला होता.

"काका, मी गाडी धूतच नाहीये. फक्त मागचं दार."

विनायकरावांनी ठरावाची वही काढून पाहिली. ठरावात दाराचा उल्लेख नव्हता. हा मुद्दा त्यांनी रविवारच्या बैठकीत घेतला, आणि गच्चीवर पंधरा मोठी माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून, गाडीचा मागचा भाग म्हणजे गाडी होय की नव्हे, यावर चहा थंड होईपर्यंत बोलली. एकजण म्हणाला, उद्या कोणी म्हणेल मी फक्त चाकं धुतो. दुसरा म्हणाला, फक्त छत. असे चारजण चार भाग धुतील आणि पूर्ण गाडी धुतली जाईल, मग ठरावाला काय अर्थ राहिला? सुनीती मान खाली घालून ऐकत होती. तिनं एम.ए. केलं होतं. पहिल्या वर्गात.

शेवटी तोडगा निघाला. मागचा भाग धुवायला हरकत नाही. मात्र बादलीनं, आणि धुताना गाडीचं तोंड सोसायटीबाहेर असावं. का, ते कोणी विचारलं नाही. विनायकरावांनी तशी नोंद केली.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं तर आई म्हणाली, "तुह्या बाबाची पूर्ण मालगाडी निघून गेली असती तेवढ्या वेळात."

यात यशदीप पडला तो उशिरा, पण पूर्ण ताकदीनं. त्यानं रात्री मोबाइलवर काहीतरी मागवलं. काळी, वळणदार, प्लास्टिकची पट्टी. ती छताच्या मागच्या कडेला बसवायची. वरून येणारी हवा तिच्यात शिरते, काचेवरून सपकन खाली उतरते आणि धुळीला बसूच देत नाही, असं खोक्यावर लिहिलं होतं. बंडूभाऊंनी खोकं उलटसुलट करून पाहिलं. "हे होऊ शकते," ते नाइलाजानं म्हणाले.

आणि झालं. खरंच झालं! धूळ अर्ध्यावर आली. फक्त एक गोष्ट खोक्यावर लिहिली नव्हती. गाडीनं वेग घेतला की पट्टी शिट्टी मारायची. अशी-तशी नाही; लांब, बारीक, शेवटी किंचित वर चढणारी.

सुनीतीला ती पहिल्यांदा रिंगरोडवर ऐकू आली. अभनपूरच्या मामांच्या नव्या घरासाठी भेटवस्तू घ्यायला ती सदर बाजाराकडं निघाली होती, मागं कौमुदी बसली होती. रस्ता मोकळा होता, आणि एकाएकी मागून बाबांची गार्डाची शिट्टी वाजली. क्वार्टरच्या भिंतीवर बसलेल्या पोरीला दुरून ऐकू यायची ती. सुनीतीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, शिट्टी थांबली. पाय काढला, वेग चढला, शिट्टी परत आली. खरं सांगायचं तर सदर बाजाराला जिथं वळायचं होतं तिथून ती बरीच पुढं गेली आणि मोठा वळसा घालून परत आली. कौमुदीनं विचारलं, "मम्मी, रास्ता भूल गई क्या?" तर ती म्हणाली, "हव."

त्या वळशात कुठंतरी एक वाहतूक हवालदार मोटारसायकलवरून मागं लागला होता. त्यानं तिला गाठलं ते थेट सदर बाजारात, सराफाच्या दुकानांसमोर, म्हणजे सगळ्या रायपूरच्या सुना जिथं उभ्या असतात तिथं.

"मैडम, प्रेशर हॉर्न बजाते आ रहे हो."

"भैया, हॉर्न नहीं है. हवा है."

"हवा तो हमको भी लग रही है मैडम. हमारी तो नहीं बजती."

"अंकल," मागून कौमुदी म्हणाली, "वो गार्ड की सीटी है. गार्ड पीछे बैठता है."

"कौन गार्ड?"

"मैं."

हवालदारानं काढलेलं चालानचं पुस्तक परत खिशात ठेवलं आणि तो सुनीतीशेजारी येऊन बसला. "चलो. बजा के दिखाओ."

आता सदर बाजारात गाडी ज्या गतीनं चालते त्या गतीत शिट्टी सोडा, उसासाही निघत नाही. पुढं हातगाडी, मागं स्कूटर, बाजूनं एक गाय. गायीनं त्यांना दोनदा ओव्हरटेक केलं. सराफापासून कापडवाल्यापर्यंत गेले, कापडवाल्यापासून परत आले. पट्टी गप्प. "ऐसी आवाज थी," म्हणून हवालदारानं तोंडानं वाजवून दाखवली, तर चार दुकानांतली माणसं बाहेर आली. त्यांतले दोघं यशदीपच्या ऑफिसातले होते.

शेवटी तो उतरला. "देखो मैडम. तेज चलाओगे तो बजेगी, और तेज चलाने में मैं पकड़ूँगा. धीरे चलाओगे तो बजेगी नहीं. इसका कोई चालान नहीं बनता. जाओ."

यशदीपनं त्याच संध्याकाळी पट्टी काढली. का कोण जाणे, सुनीतीनं ती टाकू दिली नाही. कपाटावर ठेवली.

एवढं सगळं करून रविवार दोन दिवसांवर आला, आणि फुली परत दिसेनाशी झाली.

हा रविवार साधा नव्हता. अभनपुरात आईच्या धाकट्या भावानं, धर्मपालमामांनी, घर बांधलं होतं. नव्या घरात बुद्धवंदना, मग जेवण. आणि त्याआधी दारावरची फीत कापायची ती मोठ्या बहिणीनं, मामांच्या 'बाई'नं. आईनं त्यासाठी आठवडाभर आधी हिरवी पैठणी उन्हात टाकली होती. पण शुक्रवारी ती पुन्हा जेवली नाही, आणि शनिवारी पंचाईत झाली. जिन्यात तिला गरगरलं. काकूंनी धरलं म्हणून बरं.

सुनीती रडली नाही. तिला वेळ नव्हता. पण रात्री कौमुदीला थोपटताना ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "निघताना पुसते, तरी टाकीपर्यंत पुन्हा मळते. करू तरी काय मी?"

कौमुदीचे डोळे मिटलेले होते. "तो टंकी के पास पोछो ना," ती म्हणाली. "आजोबा तर उतरून पुसायचे."

सुनीतीचा हात थांबला. तेल, ठराव, पट्टी, हवालदार, एम.ए. पहिला वर्ग... आणि हे इतकं सोपं होतं. दुसऱ्या कोणाला वेड्यासारखं हसू आलं असतं. तिला आलंच.

तर रविवारचा बेत असा ठरला. यशदीप, सुनीती आणि कौमुदीनं गाडी काढायची. टाकीपाशी थांबायचं. गार्ड, म्हणजे कौमुदी, खाली उतरून फुली पुसणार. आई गॅलरीतून पाहणार, हिरवा पदर दाखवणार. कौमुदी हिरवा रुमाल दाखवणार. मग आईनं घराला कुलूप लावून खाली यायचं, टाकीपर्यंत चालत जायचं आणि गाडीत बसायचं.

"आई, एवढं करण्यापेक्षा तुम्ही आधीच गाडीत बसा ना," यशदीप म्हणाला होता.

"अन् मग फुली कोण पाहीन?" आई म्हणाली. यावर अभियंते, वकील, कोणीच काही बोलू शकलं नसतं. यशदीप तर हिशेब बघायचा.

सकाळी सगळं ठरल्याबरहुकूम झालं. आईची पिशवी आणि शाल मागच्या सीटवर आधीच गेली. मामांना द्यायची बुद्धाची मोठी तसबीर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मागंच आडवी-उभी बसवली. पुढून मागचं नीट काही दिसेना. गाडी फाटकातून निघाली. खड्डा ओलांडला. टाकीपाशी थांबली. त्याच क्षणी सुनीतीचा मोबाइल वाजला. "हो मामा! निघालो ना. हव, आईला घेऊनच येऊन राहिलो. आईशिवाय कशी कापणार फीत!"

मागं कौमुदीनं फुली पुसली. चवड्यांवर उभी राहून, आजोबांसारखी, आधी एक तिरकी पट्टी मग दुसरी. गॅलरीत हिरवा पदर हलला. कौमुदीनं हिरवा रुमाल हलवला. आज फुली दिसली होती. पूर्ण, लाल-पिवळी, कोपऱ्यांसकट. कौमुदी गाडीत चढली, दार लागलं, धप्प. आणि ती आजोबांनी शिकवलेल्या आवाजात ओरडली,

"ऑल राइट!"

बाबांचा एक नियम या घरात सगळ्यांना पाठ होता, जावयालासुद्धा: गार्डनं ऑल राइट दिलं की ड्रायव्हरनं मागं वळून पाहायचं नाही. तो गार्डचा अपमान असतो.

यशदीपनं मागं वळून पाहिलं नाही. त्यानं गाडी सोडली.

अभनपुराचा रस्ता चांगला आहे. कौमुदी शालीवर डोकं ठेवून लगेच झोपली. सुनीतीला मोठं सार्थक वाटत होतं. "आई, हवा लागते का? काच लावू?" तिनं पुढं पाहतच विचारलं. उत्तर आलं नाही. आरशात शालीचा पांढरा कोपरा दिसत होता. रुसली असेल, सुनीतीला वाटलं. काल जिन्यातल्या प्रकारावरून ती आईला जरा लागेल असं बोलली होती. आई रुसली की दोन-दोन तास बोलत नाही, हे काही नवीन नव्हतं.

"आई, काल मी उगाच ओरडले. तू जेवत नाही ना, मग मले भीती वाटते. बाबांनंतर आता तूच आहेस." यशदीपनं तिच्या हातावर हात ठेवला. "तू बोल ना काहीतरी. बरं, नको बोलू. पण ऐकून घे." आणि तिनं लहानपणापासून जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं, अभनपूर येईपर्यंत, हळूहळू, मधे नाक पुसत, एका तसबिरीला आणि एका शालीला सांगितलं.

मामांच्या दारात फुलांच्या माळा होत्या, फीत होती, ताटात कात्री होती. मामांनी स्वतः येऊन मागचं दार उघडलं. वाकून आत पाहिलं. मग दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

"सुनीती," मामा म्हणाले, "बाई कुठं आहे?"

फोनच्या नादात दार लागल्याचं ऐकून दोघांनी आई बसली असं धरलं होतं. त्यानंतरचं वर्णन करणं सुनीतीच्या प्रतिष्ठेला धरून होणार नाही. आईचा मोबाइल पिशवीत होता, पिशवी गाडीत होती. शारदाकाकूंना फोन लावला.

"हव, आहेत ना गॅलरीत. पैठणी नेसून पेपर वाचून राहिल्या. आम्ही म्हटलं, तुम्ही मुद्दामच ठेवून गेले असाल, म्हातारं माणूस, प्रवास कशाले..."

"काकू, कोणी मुद्दाम नाही ठेवून गेलं!"

"मग विसरले?" काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात, हे किती जणांना सांगायचं याची जुळवाजुळव सुरू झालेली ऐकू आली. गाडी परतीच्या वाटेला लागायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर विनायकरावांचा संदेश होता: रहिवाशांनी बाहेर जाताना आपापली माणसं मोजून न्यावीत.

आई खरंच गॅलरीत होती. पैठणीची एक घडी विस्कटली नव्हती. शेजारी ताटली, धुऊन पालथी घातलेली. गोळीचं रिकामं पाकीट.

"आई गं!" सुनीतीनं तिला मिठी मारली. "तू टाकीपाशी आली तेव्हा..."

"आली ना. गाडी नव्हती."

"मग घाबरली असशील!"

"काहून घाबरू?" शांताबाईंनी चष्मा काढला, डबीत ठेवला. टप्प. "मी फुली पाहिली होती. कशी लखलखीत! म्हटलं, गेली पूर्ण. घरी आली अन् जेवून घेतलं. भूकच किती लागली होती आज."

यशदीप भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मग सुनीतीचेही. मग आईच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि तीही हसायला लागली, पैठणीच्या पदराचा बोळा तोंडाशी धरून, क्वार्टरच्या दिवसांत हसायची तशी. कितीतरी दिवसांनी.

मामांनी फीत तशीच ठेवली होती. ती आता कापल्याशिवाय कोणाला जेवायला मिळणार नव्हतं. पुन्हा गाडी निघाली. या वेळी आई आत होती, आणि गॅलरीत फुली पाहायला शारदाकाकू उभ्या राहिल्या होत्या, बंडूभाऊंची हिरवी लुंगी हातात घेऊन. "मी पाहते! तुम्ही बिनघोर जा!" त्या साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या.

टाकीपाशी गाडी थांबली. कौमुदी उतरली, फुली पुसली, एक पट्टी, मग दुसरी. लुंगी हलली. कौमुदी आत आली, दार लागलं. या वेळी सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. आई होती. तसबीर होती. शाल होती.

यशदीपचा हात गिअरवर होता. ऑल राइट येईना.

"गार्डसाहेब?" तो म्हणाला.

कौमुदी आजीकडं पाहत होती. मग सुनीतीकडं. कपाळावर एक बारीक आठी, अगदी आजोबांची.

"मम्मी, सकाळी आजी राहून गेली होती. तरी आजीला फुली दिसली."

"हो गं, राणी. चुकलं आमचं."

"मग गाडी पूर्ण नव्हती ना?"

"नव्हती."

कौमुदीनं हातातला हिरवा रुमाल गुडघ्यावर सरळ केला. आजीनं तिच्या केसांवर ठेवलेला हात तसाच थांबला.

"मम्मी, आजोबा गेले तेव्हा तर आजी पण राहिली. तू पण. मैं भी." तिनं मान वर केली. "तो आजोबा पूरे गए थे क्या?"